खाण्याच्या विकारांसाठी गट-सीबीटी : गोव्यात अशा गटात पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

डॉक्टरांनी किंवा समुपदेशकाने खाण्याच्या विकारासाठी गटात घेतल्या जाणाऱ्या सीबीटीचा पर्याय सुचवला आहे, पण तिथे जाऊन नेमके काय करायचे असते याची कल्पना नाही, अशा वाचकांसाठी हा लेख आहे. सीबीटी म्हणजे बोधात्मक वर्तनोपचार. विचार, भावना आणि रोजचे वागणे एकमेकांना कसे धरून ठेवतात हे शोधायचे आणि आधी वागण्यात, मग विचारांत ठरवून बदल करायचा, अशी ही पद्धत आहे. ती गटातून दिली जाते तेव्हा साधारणपणे सहा ते दहा माणसे, एक किंवा दोन प्रशिक्षित उपचारक, आठवड्याला दीड तास आणि सुमारे चार महिने असे तिचे स्वरूप असते. पुढचे सगळे ज्यावर उभे आहे ती गोष्ट आधीच सांगायला हवी : या गटात मन मोकळे करण्याइतकेच, किंबहुना सुरुवातीला त्याहून अधिक, महत्त्व जेवणाची वेळ पाळण्याला असते. भूतकाळाची उकल होईल आणि मग खाणे आपोआप सुधारेल अशा अपेक्षेने येणाऱ्याला पहिले काही आठवडे कोरडे वाटतात, म्हणून हे माहीत असलेले बरे.

हा उपचार कोणासाठी आहे

ॲनोरेक्सियात माणूस खाणे इतके कमी करतो की वजन धोक्याच्या पातळीपर्यंत उतरते आणि तरीही जाड होण्याची भीती जात नाही. बुलिमियात खा-खा सुटते, थोड्या वेळात खूप खाल्ले जाते आणि मग त्याची भरपाई म्हणून मुद्दाम उलटी, जुलाबाची औषधे, कडक उपवास किंवा शरीराला न झेपणारा व्यायाम केला जातो. बिंज इटिंगमध्ये ताबा तसाच सुटतो, लाजही तशीच वाटते, पण भरपाईचे प्रकार नेमाने होत नाहीत. बुलिमियाचे पहिले सविस्तर वर्णन जेराल्ड रसेल यांनी लंडनमध्ये १९७९ साली केले आणि त्यावर सीबीटी कशी वापरावी हे ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी १९८१ साली मांडले. बिंज इटिंगला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत स्वतंत्र विकाराचे स्थान मिळायला मात्र २०१३ साल उजाडावे लागले. त्या पुस्तिकेनुसार ताबा सुटून खाण्याचे असे प्रसंग आठवड्यातून किमान एकदा, असे तीन महिने घडत असतील तर निदान केले जाते. गणेश चवथीच्या दिवशी चार नेवऱ्या (करंज्या) जास्त खाल्ल्या आणि दुपारभर आडवे पडून राहिले, तर तो विकार नव्हे.

गट-सीबीटीचा सर्वांत भक्कम आधार बिंज इटिंगसाठी आहे. ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या नाइस या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांच्या बिंज इटिंगसाठी आधी मार्गदर्शनाखालील स्वयंसाहाय्य, म्हणजे उपचारकाच्या थोड्या मदतीने पुस्तकातला उपक्रम स्वतः पार पाडणे, आणि ते मानवले नाही किंवा चार आठवड्यांत उपयोगी पडले नाही तर गट-सीबीटी, म्हणजे दर आठवड्याला नव्वद मिनिटांच्या सुमारे सोळा बैठका, असा क्रम दिलेला आहे. बुलिमियासाठी त्याच सूचनांचा कल स्वयंसाहाय्यानंतर वैयक्तिक सीबीटीकडे आहे, तरी अनेक ठिकाणी बुलिमिया असलेल्यांनाही गटात घेतात आणि त्याचा उपयोग होतो. ॲनोरेक्सियात, विशेषतः वजन फार उतरलेले असताना, नुसत्या गटावर विसंबणे योग्य नाही. तिथे वैयक्तिक उपचार आणि नियमित वैद्यकीय देखरेख लागते. ॲनोरेक्सिया किंवा बुलिमिया असलेल्या अठरा वर्षांखालील मुलांसाठी कुटुंबाला सोबत घेऊन केलेला उपचार हाच पहिला पर्याय मानला जातो, त्यामुळे शाळकरी मुलीला मोठ्या माणसांच्या गटात बसवण्याचा आग्रह कोणी धरू नये. हे विकार पुरुषांनाही होतात, मात्र ते उशिरा येतात, आणि बऱ्याचदा पोटाची किंवा जिमची तक्रार सांगत येतात.

पहिली पायरी : गटाच्या आधी डॉक्टर

गटात नाव घालण्यापूर्वी शरीराची तपासणी करून घेणे ही औपचारिकता नाही. वारंवार उलट्या किंवा जुलाब झाल्याने रक्तातील पोटॅशियम उतरते आणि त्यामुळे हृदयाची लय बिघडू शकते. बाहेरून माणूस धडधाकट दिसत असतानाही हे घडते, म्हणून 'मला तर काहीच होत नाही' या अनुभवावर विसंबू नये. रक्तातील क्षार, हिमोग्लोबिन, साखर, नाडी, रक्तदाब आणि गरज वाटल्यास ईसीजी एवढे बहुतेक वेळा पुरते. दीर्घकाळ फार कमी खाल्लेल्या माणसाने एकदम भरपूर खायला सुरुवात केली तर रक्तातील फॉस्फेट हा क्षार धोकादायकरीत्या खाली जाऊ शकतो, म्हणून अशा माणसाचा आहार डॉक्टरांच्या नजरेखालीच वाढवावा लागतो. मधुमेह असून वजनाच्या भीतीने इन्सुलिन टाळले जात असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, कारण यात दिरंगाई जिवावर बेतते.

ही तपासणी जवळच्या आरोग्य केंद्रात, म्हापसा किंवा मडगावच्या जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात होऊ शकते. भोवळ येऊन पडणे, छातीत धडधड, उलटीतून रक्त, पाणीही पोटात न ठरणे किंवा जीव देण्याचे विचार यांपैकी काहीही असेल तर गटाची वाट न पाहता १०८ ला फोन करावा किंवा थेट तातडीच्या विभागात जावे. एक छोटी सूचना दातांसाठी : उलटीनंतर लगेच ब्रश करू नये, नुसत्या पाण्याने चूळ भरावी, कारण आम्लाने मऊ झालेला दातांचा थर ब्रशने अधिक झिजतो.

दुसरी पायरी : गट शोधणे आणि पारखणे

गोव्यात चौकशीची सुरुवात बांबोळीच्या मनोविकार आणि मानवी वर्तन संस्थेच्या बाह्यरुग्ण विभागातून करणे सोयीचे पडते. १९८० साली स्थापन झालेली ही सरकारी संस्था मेडिकल कॉलेजच्या जवळच आहे, त्यामुळे वर सांगितलेली तपासणी आणि ही चौकशी एकाच खेपेत उरकता येते. खासगी मनोविकारतज्ज्ञ आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ पणजी, पर्वरी, मडगाव परिसरात आहेत. मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. १९९६ पासून गोव्यात काम करणाऱ्या 'संगाथ' या संस्थेने नैराश्यासारख्या विकारांत प्रशिक्षित सामान्य कार्यकर्तेही संवादातून चांगला उपचार देऊ शकतात हे संशोधनाने दाखवले, आणि त्यासाठी गोव्याचे नाव जगभरच्या मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात घेतले जाते. खाण्याच्या विकारांत मात्र शरीराची जोखीम गुंतलेली असल्याने उपचारकाला याच विकारांचे प्रशिक्षण आहे का आणि त्याच्या पाठीशी डॉक्टर आहे का, हे दोन प्रश्न वेगळे विचारावेत. काणकोण किंवा पेडण्याहून दर आठवड्याला बांबोळी गाठणे ज्यांना झेपणार नाही, त्यांनी ऑनलाइन गटाचा विचार करावा, फक्त घरात दार लावून बसता येईल अशी खोली आधी नक्की करावी.

गट पारखताना आणखी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. गट बंद आहे, म्हणजे सगळे एकदम सुरू होऊन एकदम संपवतात, की मधूनच नवी माणसे येत राहतात? बंद गटात विश्वास लवकर जमतो. बैठका कोणत्या भाषेत चालतात? घरी कोकणी बोलणारा, मराठी वाचणारा आणि कचेरीत इंग्रजीत लिहिणारा गोंयकार आपली लाज ज्या भाषेत बोलू शकतो ती भाषा गटात चालायला हवी, आणि वही ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत लिहायची मुभा हवी. वजन सर्वांसमोर घेतात की आडोशाला? शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी आहे : या गटाने वजन कमी होईल का? प्रामाणिक उपचारक सांगेल की या उपचाराचा वजनावर फारसा परिणाम होत नाही आणि तो या उपचाराचा हेतूही नाही. जो 'नक्की उतरेल' म्हणतो त्याच्याकडे डाएटचा वर्ग चालतो असे समजून परत फिरावे.

गुप्ततेबद्दल

गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाखांच्या आसपास होती. एवढ्याशा राज्यात 'तू कुणाची गो?' या एका प्रश्नावर वाडा, कुळागर आणि मावशीचे सासर निघते. म्हणून गटात ओळखीचे कोणी भेटेल ही भीती अवास्तव नाही, आणि उपचारकाने ती हसण्यावारी नेऊ नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने उपचार देणाऱ्या व्यावसायिकांवर गुप्ततेची कायदेशीर जबाबदारी टाकली आहे, गटातल्या इतर सदस्यांना मात्र त्यांनी दिलेला शब्दच बांधतो. यावर व्यवहार्य उपाय आहेत. शक्य असेल तर आपल्या तालुक्याबाहेरचा गट निवडावा, गटाच्या आधीच्या वैयक्तिक भेटीत आपले गाव आणि नोकरीची जागा सांगून कोणी परिचित आहे का हे उपचारकालाच पाहायला सांगावे, आणि पहिल्याच बैठकीत हे ठरवून घ्यावे की बाजारात किंवा जत्रेत समोरासमोर आलो तर ओळख दाखवायची की नाही. माझ्या मते 'आधी समोरच्याने ओळख दाखवली तरच दाखवायची' हा नियम बरा, पण गटाने मिळून ठरवलेला कोणताही नियम चालतो.

तिसरी पायरी : पहिली बैठक

पहिल्या बैठकीत फार बोलावे लागत नाही. नाव, येण्याचे कारण दोन वाक्यांत, आणि या चार महिन्यांत काय बदलावे असे वाटते, एवढे पुरे. त्यानंतर नियम ठरतात आणि त्यांतला एक नवख्यांना खटकतो : गटात आकडे बोलायचे नाहीत. वजन, कपड्यांचे माप, कॅलरी, किती दिवस उपाशी राहिलो, यांतले काहीही नाही, आणि उलटी कशी केली वा खाणे कसे लपवले याच्या युक्त्याही नाहीत. कारण साधे आहे. या विकारात तुलना हेच इंधन असते आणि एकाने सांगितलेला आकडा दुसऱ्याच्या डोक्यात आठवडाभर फिरत राहतो. लाज, भीती, भांडण, भूक यांबद्दल मात्र मोकळेपणाने बोलता येते. गटाचा खरा फायदाही इथेच आहे. वर्षानुवर्षे फक्त स्वतःला माहीत असलेली गोष्ट समोरच्या अनोळखी माणसाच्या तोंडून जशीच्या तशी ऐकली की लपवण्यासाठी खर्च होणारी ताकद थोडी मोकळी होते.

चौथी पायरी : आपले चक्र कागदावर काढणे

पहिल्या एक-दोन बैठकांत प्रत्येक जण आपल्या त्रासाचे चक्र कागदावर काढतो. समजा, फोंड्याहून रोज पणजीला नोकरीला जाणारी एक तरुणी आहे. आपली किंमत आपल्या अंगकाठीवर ठरते असे तिला मनोमन वाटते, म्हणून ती सकाळी नुसता चहा घेऊन निघते आणि दुपारी मैत्रिणींना 'भूक नाही' म्हणते. संध्याकाळी बसमध्ये तिच्या पोटात कावळे ओरडत असतात, वर साहेब दिवसभरात काही लागेल असे बोललेला असतो. घरी आल्यावर एक पाव खायचा म्हणून ती स्वयंपाकघरात जाते, तो तिच्या 'पाव खायचा नाही' या नियमात बसत नसतो, नियम मोडलाच आहे तर आता काय, असे म्हणत डबे रिकामे होतात, मग उलटी, मग रडणे, आणि झोपताना उद्यापासून आणखी कडक राहायचे असा निश्चय. दुसऱ्या दिवशी पुन्हा नुसता चहा.

हे चक्र बाणांनी काढले की दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. पहिली, खा-खा सुटणे हा मनाचा कमकुवतपणा नसून दिवसभराच्या उपासमारीला शरीराने दिलेले उत्तर आहे. दुसरी, रात्रीची भरपाईच दुसऱ्या दिवशीच्या प्रसंगाची तयारी करते. भरपाई फसवीही असते. उलटीने खाल्लेले सगळे बाहेर पडत नाही. जुलाबाची औषधे मुख्यतः मोठ्या आतड्यावर काम करतात, तोवर अन्नातली ऊर्जा लहान आतड्यात शोषून झालेली असते, म्हणून काट्यावर जे कमी दिसते ते पाणी असते. पण 'नंतर काढून टाकता येईल' हा भरवसा असला की खाताना हात सैल सुटतो. चक्र तोडायचे तर ते वाटेल त्या जागी तोडता येत नाही. उपाशी राहण्याच्या जागी तोडणे सर्वांत सोपे जाते, आणि गट तिथूनच सुरुवात करतो.

पाचवी पायरी : वही

पहिल्या बैठकीनंतर प्रत्येकाला खाण्याची नोंदवही सुरू करायची असते. वेळ, काय खाल्ले-प्यायले, कुठे, स्वतःला ते जास्त वाटले तर शेजारी फुली, भरपाई केली असल्यास त्याची खूण, आणि शेवटच्या रकान्यात त्या वेळी मनात काय चालले होते, एवढेच लिहायचे. वजने-मापे आणि कॅलरी लिहायच्या नाहीत. 'वाटीभर भात, हुमण, तळलेला बांगडा, दुपारी दीड, स्वयंपाकघरात, घाईत' ही नोंद पूर्ण आहे.

सगळी मेख वेळेत आहे. खाल्ल्या खाल्ल्या लिहिलेली नोंद आणि रात्री आठवून लिहिलेली नोंद यांत फार फरक पडतो, कारण रात्री आपण न्यायाधीश होऊन लिहितो आणि त्यात 'आज फार वाईट दिवस' यापलीकडे काही उरत नाही. त्या त्या वेळी लिहिले तर 'चार वाजता फोनवर आईशी वाद, साडेचारला फुली' असे काहीतरी सापडते. वही घरात सापडेल ही धास्ती असेल तर फोनमध्ये कुलूपबंद टिपण ठेवावे. अनेकांना पहिल्या आठवड्यात लिहिण्याने खाण्याचेच विचार जास्त येतात. हे अपेक्षित आहे आणि बहुतेकांच्या बाबतीत थोड्या आठवड्यांत ओसरते. ज्या दिवशी लिहायची सर्वाधिक लाज वाटते त्या दिवसाची नोंद गटात सर्वाधिक कामाला येते, त्यामुळे कोरे पान घेऊन येण्यापेक्षा खाडाखोड केलेले पान आणावे, आणि पान कोरेच राहिले तरी बैठक मात्र चुकवू नये.

सहावी पायरी : वेळेवर खाणे

दिवसातून तीन जेवणे आणि दोन किंवा तीन मधली खाणी, दोन खाण्यांत चार तासांहून जास्त अंतर नको, आणि या वेळांच्या मध्ये खायचे नाही, हा या उपचाराचा कणा आहे. काय खायचे हे सुरुवातीला जवळजवळ सोडून दिलेले असते, प्रश्न फक्त कधी खायचे याचा असतो. सकाळी पोदेर (पाववाला) पाव घेऊन येतो तेव्हा पाव-भाजी किंवा पाव-अंडे, अकराला पेजेची वाटी किंवा केळे, दीडच्या सुमारास शीत-कडी, पाचला चहाबरोबर काहीतरी, साडेआठला जेवण, असे साधे वेळापत्रक बहुतेक गोव्याच्या घरांत बसते. भूक लागली म्हणून खायचे किंवा नाही लागली म्हणून टाळायचे, हे दोन्ही सध्या बाजूला ठेवायचे. या विकारात भूक आणि तृप्ती यांच्या खुणा बिघडलेल्या असतात, त्या सरळ व्हायला आठवडे लागतात, आणि तोपर्यंत घड्याळावर भिस्त ठेवावी लागते. प्रसंग घडला तरी पुढचे जेवण सोडायचे नाही. नवख्यांना ही सूचना सर्वांत जड जाते, पण ते एक जेवण सोडले की चक्र पुन्हा फिरू लागते.

हॉटेलात, कॅसिनोत किंवा वेर्णेच्या कारखान्यात पाळीत काम करणाऱ्यांनी घड्याळाऐवजी जागे झाल्यापासूनचे तास मोजावेत : उठल्यावर तासाभरात पहिले खाणे आणि मग दर तीन ते चार तासांनी पुढचे. रात्रपाळीचा डबा घरून नेणे फार उपयोगी पडते, कारण पहाटे दोन वाजता कँटीनमध्ये काय मिळेल ते खाणे आणि त्यानंतर काही न खाता झोपणे, यांतून प्रसंग सुरू होतात.

आता उपवास. सोमवार, संकष्टी, एकादशी, श्रावण यांपैकी काही ना काही बहुतेक हिंदू घरांत असते, ख्रिस्ती घरांत लेंटचे दिवस असतात, आणि मुसलमान घरांत रमजान. उपचार धर्माच्या आड येत नाही, पण ज्याचा विकारच उपासमारीवर पोसलेला आहे त्याने उपचाराच्या काळात अन्न सोडणारा उपवास करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी जप, देवळात सेवा, एखादी आवडीची पण अन्नाव्यतिरिक्तची गोष्ट सोडणे, असे पर्याय घरातल्या वडीलधाऱ्यांशी आधी बोलून ठरवावेत. आजारी माणसाला व्रतातून सूट देण्याची रीत या तिन्ही परंपरांत आहेच. उपवासच करायचा झाला तर साबुदाण्याची खिचडी, रताळे, दूध, फळे ही त्याच पाच वेळांना खावीत, म्हणजे पदार्थ बदलतील पण वेळा बदलणार नाहीत.

दोन खाण्यांच्या मध्ये खाण्याची ऊर्मी उठेलच. ती सतत चढत जाणार असे आपल्याला वाटते, पण खाल्ले नाही तर ती चढते, ठरते आणि ओसरते. त्या वेळेपुरते काय करायचे याची यादी आधीच फोनमध्ये लिहून ठेवावी, कारण ऐन वेळी काही सुचत नाही. यादीतल्या गोष्टी हातांना किंवा पायांना काम देणाऱ्या आणि शक्यतो स्वयंपाकघराबाहेरच्या असाव्यात. माडाच्या सावलीतून शेजाऱ्याकडे जाऊन येणे चालेल, मोबाईलवर खाण्याचे व्हिडिओ पाहणे चालणार नाही. गटात एकमेकांच्या याद्या ऐकल्या की आपली यादी पटकन वाढते.

इथे थोडा धीर धरून जोर लावावा लागतो. पहिल्या महिन्यात ज्यांच्या प्रसंगांत घट होते त्यांचा शेवटचा निकाल चांगला लागतो, असे संशोधनात पुनःपुन्हा दिसले आहे. म्हणून ज्या महिन्यात परीक्षा, घरचे लग्न किंवा लांबचा प्रवास आहे त्या महिन्यात गट सुरू करणे टाळता आले तर टाळावे.

सातवी पायरी : काटा, आरसा आणि वर्ज्य पदार्थ

वेळा बसल्या की गट पुढे सरकतो. घरचा काटा बंद करून वजन आठवड्यातून एकदाच, उपचारकाच्या सोबतीने पाहायचे असते, कारण पाणी, मीठ, मासिक पाळी, बद्धकोष्ठ यांनी वजन रोज वर-खाली होते आणि एका दिवसाच्या फरकाचा काहीच अर्थ लावता येत नाही. सलग चार-पाच आठवड्यांच्या नोंदी बघितल्या की 'वेळेवर खाल्ले तर मी फुगत जाईन' हे भाकीत खरे ठरले की नाही ते आपल्यालाच दिसते.

वर्ज्य पदार्थांची यादी काढून ती सोप्यापासून अवघडापर्यंत लावतात आणि दर आठवड्याला एखादा पदार्थ ठरलेल्या वेळी, ठरलेल्या प्रमाणात, शक्यतो कोणाच्या सोबतीने खातात. कोणासाठी तो भात असतो, कोणासाठी तळलेली सुंगटे, कोणासाठी बेबिंका. खाण्याआधी 'काय होईल असे वाटते' ते वहीत लिहायचे आणि नंतर काय झाले ते लिहायचे, एवढीच पद्धत. आरशाचेही तसेच आहे : दिवसातून कितीदा पोट चिमटीत धरून पाहतो, फोटोत स्वतःला कापून टाकतो, सैल कपड्यांत लपतो, हे मोजले की आपण रोज किती वेळा स्वतःची तपासणी करतो ते कळते, आणि मग एकेक सवय कमी करता येते. आरशासमोर उभे राहून दोषारोप न करता शरीराचे नुसते वर्णन करण्याचा सराव काही गटांत घेतात. तो कठीण जातो, पण घरी एकट्याने करून पाहू नये, आधी उपचारकासोबत करावा.

चवथ, नाताळ आणि घरची माणसे

सणाच्या काळात बैठका बंद असतील का, हे आधी विचारून घ्यावे आणि त्या दिवसांची योजना गटात लिहून न्यावी. चवथीला सर्वांत मोठी चूक आदल्या दिवशी घडते : उद्या नेवऱ्या, पातोळ्या, मोदक खायचे म्हणून आज पोट रिकामे ठेवणे. नाताळात कुस्वाराचे, म्हणजे गोड फराळाचे, ताट शेजाऱ्याकडून येते तेव्हाही तेच. सणाच्या दिवशीही पाचही वेळा पाळाव्यात, गोड ताटात वाढून घ्यावे, बसून खावे, आणि डबा उघडून उभ्या उभ्या खाणे टाळावे. आग्रह करणाऱ्यांसाठी एक वाक्य पाठ करून ठेवावे. 'पोट भरले, मागाहून घेईन' हे बहुतेक घरांत खपते.

'किती गो सुकलीस!' आणि 'केवढी सुटलीस!' ही वाक्ये गोव्यातच काय, मराठी बोलणाऱ्या कुठल्याही घरात कुशल विचारल्यासारखी बोलली जातात. घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला, आई, वहिनी, नवरा किंवा भाऊ, कोणीही असो, सांगून ठेवावे की सहा महिने माझ्या अंगाबद्दल चांगले-वाईट काहीच बोलू नका आणि पाहुण्यांनाही थोडे आवरा. घरच्यांना करता येण्यासारखे खूप आहे. दिवसातून एक जेवण सगळ्यांनी बसून एकत्र घ्यावे, ताटातले घास मोजू नयेत, फ्रीजला कुलूप लावू नये, स्नानगृहाच्या दाराशी पहारा करू नये. सून उपचार घेत असेल आणि सासूबाईंना ते सांगणे शक्य नसेल, तर 'डॉक्टरांनी वेळेवर खायला सांगितले आहे' एवढेही पुरते, आणि ते खोटेही नाही.

आठवी पायरी : मधला कंटाळा आणि शेवटचे आठवडे

सहाव्या-सातव्या आठवड्याच्या आसपास गटात एखादी जागा रिकामी होते. कोणाला बरे वाटू लागलेले असते, कोणाला आपणच मागे पडलो असे वाटते. दुसरे कारण अधिक धोक्याचे आहे, आणि ते गैरहजर राहण्याआधी गटात बोलून दाखवायला हवे. कोणाच्या बोलण्याने त्रास झाला असेल तर तेही गटातच, उपचारकाच्या समोर सांगावे. बैठकीनंतर व्हॉट्सॲपवर वेगळा गट काढून त्यात बोलण्याची पद्धत मला पसंत नाही, कारण तिथे आकडे शिरतात आणि त्यांना आवर घालायला उपचारक नसतो.

शेवटच्या दोन-तीन बैठका पुन्हा घसरण झाली तर काय करायचे, याच्या तयारीसाठी असतात. एखादा प्रसंग घडणे ही घसरण आहे, तो वहीत लिहून पुढच्या वेळेला जेवले की बहुधा तिथेच थांबते. 'सगळे फुकट गेले' म्हणत उपाशी राहणे सुरू झाले की ती विकाराकडे परत नेणारी उलट वाट होते. प्रत्येकाने एका कागदावर आपल्या धोक्याच्या खुणा (दुपारचे जेवण टळू लागले, काटा पुन्हा बाहेर आला, कोणी डाएटची गोष्ट काढली की कान टवकारले), त्या दिसल्यास करायच्या दोन-तीन गोष्टी, आणि कोणाला फोन करायचा ते लिहून ठेवावे. रात्री-अपरात्री बोलण्याची गरज पडली तर टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २४ तास विनाशुल्क चालू असतो.

गट संपल्यावरही प्रसंग तितकेच घडत असतील तर उपचार चुकला असा त्याचा अर्थ नसतो, पुढची पायरी लागते एवढेच. बुलिमियात पुढची पायरी म्हणजे वीस आठवड्यांपर्यंतची वैयक्तिक सीबीटी. मनोविकारतज्ज्ञ फ्लुओक्सेटिन हे औषधही सुचवू शकतात, आणि बुलिमियात त्याची मात्रा नैराश्यासाठीच्या नेहमीच्या मात्रेहून जास्त, दिवसाला साठ मिलिग्रॅमपर्यंत असते, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय सुरू किंवा बंद करू नये. नव्या उपचारकाकडे जाताना गटाच्या उपचारकाची चिठ्ठी, रक्ततपासणीचे अहवाल आणि चार महिन्यांची वही सोबत न्यावी, म्हणजे पहिल्या भेटीत सगळे मुळापासून सांगत बसावे लागत नाही.